नाहूर ते परळ, गाऱ्हाणं घालत

आमच्या घरात गाऱ्हाणं घालायचा मान दादाचा. तो हात जोडून देवाला एकेक मागणं सांगणार आणि आम्ही प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओरडणार. सगळ्यात मोठा आवाज माझा. भक्ती कसली, खोबऱ्यावर डोळा!

आता दादा परळच्या इस्पितळात होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. शनिवारी तो मला म्हणाला, "उद्या गाऱ्हाणा तू घाल. पण बरो कर म्हणान सांगू नको रे. सोडव म्हणान सांग. तुझो आवाज मोठो, देवाक ऐकाक येतलो."

आणि वर हसला.

रविवारी सकाळी मी नाहूरहून सायकल काढली. ट्रेनमध्ये तालीम कशी करणार? पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनीला लागून सायकलींसाठी पक्का रस्ता आहे. तिथे कुत्र्यांखेरीज श्रोते नसतात. भांडुपला घसा साफ केला आणि सुरू झालो. "बा देवा म्हाराजा, जी काय चूकमाक झाली आसात ती पोटात घाल!" हात जोडायच्या नादात हँडल सुटलं आणि पाइपावर आदळता आदळता वाचलो. शेवटच्या मागण्यापाशी आलो की मात्र तोंडातून निघायचं, "ह्येका बरो कर."

विक्रोळीच्या पुढे तर मागून उत्तरच आलं, "व्हय म्हाराजा!"

माकडटोपी घातलेले एक काका फिरायला निघाले होते. "कोणासाठी हो?"

"भावासाठी."

"मग लाजताय काय? मोठ्यानं घाला. होतलो बरो!"

मान हलवली आणि निघालो. घाटकोपर गेलं, शीव आलं, पक्का रस्ता संपला, शहराची गर्दी सुरू झाली. ‘सोडव’ काही तोंडातून निघेना.

वॉर्डात दादाचे डोळे मिटलेले होते. वहिनी पायथ्याशी बसून त्याचे तळवे चोळत होत्या. मी त्याच्या कानाशी वाकलो. एवढा मोठा आवाज, पण कुजबुजण्यापुरताच उरला होता. वहिनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. शेवटी डोळे घट्ट मिटून मी म्हणालो, "ह्येका सोडव, म्हाराजा."

वहिनींचा हात थांबला. दादाच्या ओठांची किंचित हालचाल झाली.

"तुम्ही दोघांनी ठरवलंत ना, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

त्यांनी चादर ओढून त्याचे पाय झाकले, आणि पुन्हा चादरीवरूनच चोळायला लागल्या.