गच्चीवरच्या पांढऱ्या कापडाचा खुलासा

रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या गच्चीचा फोटो फिरला. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड, शेजारी मी, आणि खाली ओळ... 'भावाच्या मागे मॅडमनी गच्चीवर तोडगे सुरू केलेत, जरा लक्ष द्या.' मला लिहायची हौस नाही. पण हे खोटं आहे आणि माझ्या भावाच्या नावाने आहे, म्हणून लिहावं लागतंय.

माझा धाकटा भाऊ मिलिंद मागच्या महिन्यात गेला. ऑफिसातच छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही. लग्न केलं नव्हतं, माझ्याकडेच राहायचा.

आमचं लहानपण खडकीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि शाळेत शिकवलं, तो कॉम्प्युटरकडे वळला. त्याच्याबरोबरचे एकेक करून कॅलिफोर्नियाला गेले... हा कोथरूडच्या गच्चीवरून कॅलिफोर्निया नावाच्या तेजोमेघाचा फोटो काढत बसला. "ताई, याला व्हिसा लागत नाही," म्हणायचा.

कोथरूडच्या उजेडात धड तारे दिसत नाहीत, तिथे तेजोमेघ कुठून दिसणार? त्यासाठी खास फिल्टर असतात. एक फक्त हायड्रोजनचा प्रकाश आत सोडतो, दुसरा ऑक्सिजनचा, तिसरा गंधकाचा. रस्त्यावरचे दिवे बरेचसे बाहेरच राहतात. एकेका फिल्टरमधून असंख्य फोटो काढायचे आणि ते एकावर एक रचायचे. सगळा हिवाळा त्याने हेच केलं.

एक काम मात्र राहिलं... धुळीचं. फिल्टरवर, काचेवर धूळ बसते आणि प्रत्येक फोटोत तिच्या गोल सावल्या उमटतात. म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून पहाटेच्या कोऱ्या आकाशाकडे धरायचं आणि नुसत्या धुळीचा फोटो घ्यायचा. त्याला फ्लॅट म्हणतात. त्यावरून कॉम्प्युटर मूळ फोटोतल्या सावल्या काढून टाकतो.

पण तोपर्यंत धूळ पुसायची नाही आणि कॅमेरा जराही हलवायचा नाही. एकदा पुसली की सावल्या फोटोत कायमच्या राहिल्या. मिलिंदने तिन्ही फिल्टरचे फ्लॅट सगळ्यात शेवटी, एकदमच घ्यायचे ठेवले होते.

त्याचा मित्र शिरीष हाच उद्योग करतो. तो तेव्हा कामासाठी जर्मनीत होता. फोनवर रडत होता, आणि रडता रडताच म्हणाला, "ताई, गच्चीवर कोणाला हात लावू देऊ नका. मी येतोय."

सांगायला सोपं होतं. मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली आत्या ओलं फडकं घेऊनच वर गेली. "पोराची वस्तू अशी धुळीत ठेवतेस?" मी तिचा हात धरला. "आत्या, पुसायचं नाही." "अगं, मी काय परकी आहे?" "पुसायचं नाही म्हटलं ना!" ती न जेवता खडकीला परत गेली. तेव्हापासून बोलत नव्हती.

मग चेअरमन आले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. "मॅडम, आपलं दुःख समजतं आम्हाला. पण माणसं बोलावलीयत हो... उचलून जिन्यात ठेवतील, अगदी नीट." मी म्हटलं, "आधी मला उचलून जिन्यात ठेवा." रविवारपर्यंतची मुदत मिळाली. खाली जाताना कोणाला तरी म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय." झालाही असेल... पण हे त्यामुळे नव्हतं.

मला घरात धूळ चालत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही माहीत आहे. तीच मी रोज संध्याकाळी वर जाऊन ताडपत्री बघायची, दार बंद करायची, आणि धूळ राखायची.

रविवारी पहाटे शिरीष विमानतळावरून थेट इकडे आला. मिलिंदचा या कामाचा एक ठरलेला टी-शर्ट होता, कंपनीत फुकट मिळालेला. त्याची कोरी पाठ आम्ही दुर्बिणीच्या तोंडावर ताणून इलॅस्टिकने बांधली. ग्रुपवर फिरलं ते हे कापड. आम्ही बौद्ध आहोत, आमच्या घरात तोडगे कधी झाले नाहीत. ज्यांनी फोटो काढला त्यांनी विचारलं असतं, तर वर बोलावून सगळं दाखवलं असतं.

लॅपटॉपवर करडा चौकोन आला. त्यात धुळीची वर्तुळं... आणि कोपऱ्यात एक वळलेली, पुसट रेघ.

"हे काय?"

"केस असावा ताई. फिल्टर बसवताना पडला असेल त्याचा." शिरीष म्हणाला. "काळजी करू नका, फोटोतून जाईल."

"जायलाच हवा," मी म्हटलं.

दुपारपर्यंत फोटो तयार झाला. लाल-सोनेरी, लांबट मेघ, कडेपर्यंत स्वच्छ. मिलिंदचं त्यात काही उरलं नाही. त्याला तो तसाच हवा होता.

मग मी आत्याला फोन केला. म्हटलं, आता पुसायचंय, येतेस? आज सकाळी आली, स्वतःचं फडकं घेऊन. बोलली नाही, पण दुर्बिणीची नळी, स्टँड, सगळं बाहेरून लख्ख पुसून दिलं.

गच्चीची किल्ली चेअरमनकडे दिली. दुर्बीण, स्टँड, कॅमेरा, तिन्ही फिल्टर आणि टी-शर्ट शिरीषकडे. फोटोची मोठी प्रिंट आत्याकडे.

माझ्याकडे धुळीचा एक फ्लॅट ठेवला आहे. केसासकट.