बुटांच्या कपाटाची किल्ली

आमच्या कम्प्युटर सेंटरला कंपनीचा इंजिनिअर आला, की नाही-साहेब त्याचे बूट कपाटात घालून कुलूप लावायचे. मशीन एक पूर्ण पाळी न थांबता चाललं की बूट परत. तोवर दिल्लीहून आलेला टायवाला माणूस निळ्या रबरी चपला घालून बसून राहायचा. त्या चपलांवर बाहेर पडायची त्याला लाज वाटायची, आणि साहेबांना ते पक्कं माहीत होतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची.

बूट काढायचा नियम मुळात धुळीसाठी होता. मशीनला धूळ चालत नसे. बूट अडकवून ठेवायची युक्ती साहेबांची. ते म्हणायचे, "सुमनबाई, चालू झालं आणि चालतं, यात फरक आहे. ह्या लोकांना चालू करून पळायचं असतं."

मी चौथी शिकलेली. लग्न होऊन अकोल्याहून भोपाळला आले. नवरा सरकारी कारखान्यात फिटर होता. कामावरच छातीत कळ आली आणि गेला. त्याच्या जागी मला कम्प्युटर सेंटरमध्ये ठेवलं. काम म्हणजे ओल्या फडक्याने फरशी पुसणं, प्रिंटरच्या कागदाचे गठ्ठे उतरवून घेणं, आलेल्या गठ्ठ्यांच्या चलनावर शिक्का मारणं, आणि बूट. मशीन एका हॉलभर पसरलेलं होतं. मे महिन्यात सगळं भोपाळ भाजून निघायचं आणि मी आत स्वेटर घालून फरशी पुसायची. बाहेर आलं की डोकं दुखायचं.

साहेब सांगलीकडचे. मशीन सांभाळणारे मुख्य तेच. कोणीही काहीही विचारलं तरी त्यांचा पहिला शब्द "नाही" असायचा, म्हणून हिंदीवाले त्यांना "नहीं साहब" म्हणायचे आणि आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमधले मराठी लोक नाही-साहेब. स्वभावाने गोड नव्हते. माझ्याशीही गोड बोलल्याचं आठवत नाही. बिट्टन मार्केटच्या हाटात भेंडी घेताना एकेक भेंडी मोडून बघायचे. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "साहब, सब्ज़ी बनानी है कि ब्याह करना है इससे?" साहेब म्हणाले, "नाही," आणि पुढची भेंडी मोडली.

दर शनिवारी मशीनमधलं सगळं टेपांवर उतरवायचे आणि त्या टेपा कापडी पिशवीत घालून मला अग्निशमन दलाच्या ऑफिसात पाठवायचे. तिथे एक लोखंडी कपाट त्यांनी भांडून मिळवलं होतं. मी एकदा म्हटलं, "साहेब, इथे इतकी कपाटं आहेत, मग उन्हात मला कशाला पिटाळता?" ते म्हणाले, "हे घर जळलं तर इथलं कपाटही जळेल. प्रत एकाच घरात असली तर ती नाहीच समजायची." फायरवाले मला बघून हसायचे. "आ गईं टेपवाली. बहनजी, आज आग लगी क्या?" मी म्हणायची, "लागली असती तर तुम्ही इथे पत्ते खेळत बसला असता का?" मग हसणं थांबायचं.

कंपन्या दोन होत्या. एकीने मशीन विकलेलं, दुसरीने त्यातला प्रोग्राम. मशीन अडलं की मशीनवाला म्हणायचा, "सर, हमारा हार्डवेअर तो एकदम ओके है, सॉफ्टवेअरवालों को बुलाइए." प्रोग्रामवाला यायचा तो म्हणायचा, "सर, प्रॉब्लम मशीन में है." महिना महिना असा जायचा. फोन लावला की दिल्लीहून तक्रारीचा नंबर मिळायचा. दुसऱ्यांदा फोन केला की दुसरा नंबर. साहेबांची एक वही नुसत्या नंबरांनी भरली होती. वर प्रोग्राम चालवायला दर वर्षी कंपनीकडून एक नवा आकडा यावा लागे, तो यायला उशीर झाला की चांगलं चालणारं मशीन गप्प बसायचं. साहेब म्हणायचे, "स्वतःच्या घरात शिरायला दर वर्षी बिल्डरकडे किल्ली मागायची."

शेवटी एकदा त्यांनी दोन्ही कंपन्यांच्या माणसांना एकाच दिवशी बोलावलं. दोघांचे बूट एकाच कपाटात ठेवायला लावले आणि म्हणाले, "दोष तुमच्यापैकी कोणाचा, ते तुम्ही दोघं ठरवा. मी जेवून येतो." दुपारी परत आले तेव्हा दोघं शर्टाच्या बाह्या वर करून मशीनच्या एकाच पंख्याजवळ वाकले होते. संध्याकाळी मशीन चाललं. चहा त्यानंतर मिळाला. दुरुस्तीच्या आधी कंपनीच्या माणसाला चहा द्यायचा नाही, हा मला सक्त हुकूम होता.

पुढे दिल्लीच्या मुख्य ऑफिसने नवं मशीन घेतलं. आकाराने लहान, फ्रीजएवढं, प्रोग्रामही नवा. जुन्या मशीनमध्ये सगळ्या कामगारांची नोंद होती: कधी लागला, घरात कोण, मेला तर मागे कोण. कामावर असताना मेलेल्यांच्या बायकांना टाउनशिपच्या इस्पितळाचं कार्ड असे. त्यांची यादी दर महिन्याला मशीनमधूनच इस्पितळात जाई. साहेबांनी नव्या मशीनची यादी जुन्या यादीशेजारी ठेवून पट्टीने ओळ न ओळ तपासली. नव्या यादीत त्या बायकाच नव्हत्या. नव्या प्रोग्रामात ज्याची हजेरी नाही त्याचा नंबर आपोआप बंद व्हायचा. मेलेला माणूस हजेरी कशी लावणार?

साहेबांनी कंपनीला कळवलं की आधी हे दुरुस्त करा, मग मी पसंतीच्या कागदावर सही करतो. तोवर जुनं मशीन हलवायचं नाही. कंपनीचं म्हणणं, आधी सही करा, मग बघू. तीन महिने त्यांचा एक इंजिनिअर येऊन जाऊन होता. माणूस वाईट नव्हता. घरून डब्यात आणलेले पेठे मला द्यायचा. पण त्याला सही घेऊन यायला सांगितलेलं होतं, आणि आमचे साहेब रोज "नाही."

एक दिवस साहेब दाढ काढायला इस्पितळात गेले. इंजिनिअर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बहनजी, मेरी गाड़ी है. जूते दे दीजिए."

"साहेब आल्याशिवाय नाही."

"अरे, साहब से बात हो गई है. आप बस लिख दीजिए कि जूते दे दिए, मेरे पास भी कुछ कागज़ रहे." त्याने एक इंग्रजी कागद पुढे केला आणि टोपण काढून पेन दिलं. "यहाँ साइन. और वो सेंटर का ठप्पा भी."

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण बुटांचा कागद असणार यावर माझा विश्वास बसला, कारण आमच्याकडे बूट ही खरोखरच सरकारी गोष्ट झाली होती. आणि खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. त्या ऑफिसात माझ्या सहीला कोणी विचारत नव्हतं. त्या दिवशी टायवाला माणूस अदबीने पेन देत होता. मला बरं वाटलं. मी सही केली, शिक्का मारला, कपाट उघडलं. तो बूट घालून, नाड्या न बांधताच गेला. तेव्हाच कळायला हवं होतं.

साहेब गाल सुजवून, तोंडात कापूस धरून परतले. टेबलावर त्या कागदाची कार्बन प्रत होती. त्यांनी ती उभ्यानेच वाचली.

"हे तुम्ही वाचलंत?"

"इंग्रजी आहे, साहेब."

"मग सही कशी केलीत?"

"बुटांचा कागद म्हणाला तो."

साहेबांनी कापूस काढून टाकला. "यात लिहिलंय की नवं मशीन आम्ही तपासलं, सगळं ठीक आहे, तक्रार काही नाही." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दिल्लीला कंपनीत फोन लावला. तिकडून काय म्हणाले ते मला बाहेर ऐकू आलं, कारण साहेबांनी तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं, "क्लोज़ हो गया? म्हणजे काय क्लोज़ हो गया?"

आठ दिवसांत हुकूम आला: जुनं मशीन पंधरा दिवसांत काढून टाका. साहेबांनी अर्ज केले, भेटी घेतल्या. वरचे म्हणायचे, तुमच्याच सेंटरची सही आहे, शिक्का आहे. मी म्हटलं, "टेपा आहेत ना आपल्या? फायरवाल्यांकडे?" तेव्हा साहेब पहिल्यांदा खुर्चीत बसले. म्हणाले, "त्या टेपा फक्त हेच मशीन वाचतं." इतकी वर्षं मी उन्हातून वाहिलेल्या टेपा. दोन घरांत दोन प्रती ठेवल्या, पण वाचणारा एकच, हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. चूक त्यांचीही होती, आणि ती त्यांनी तिथेच कबूल केली.

मग त्या पंधरा दिवसांत आम्ही सगळ्या नोंदी कागदावर छापल्या. प्रिंटर सकाळी लागायचा तो पाळी सुटेपर्यंत कानठळ्या बसवायचा. मी कागद फाडायची, साहेब क्रम लावायचे, मग मी दाभणाने बाइंडिंग शिवायची. पंधराव्या दिवशी कामगार आले आणि मशीनच्या तारा कापल्या. साहेब बघायला थांबले नाहीत.

पुढच्या महिन्यात आमच्या घरांच्या ओळीतली शकीला इस्पितळाच्या खिडकीवरून परत आली. तिचा नवरा भट्टीवर होता, वारलेला. तिला साखरेचं इंजेक्शन रोज लागायचं. खिडकीवाला म्हणाला, "नंबर बंद है, अम्मा." ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "सुमन, मैं तो ज़िंदा हूँ ना?" मी तिला हाताला धरून साहेबांकडे नेलं. साहेबांनी चौथा की पाचवा खंड उघडला, नाव काढलं, चिठ्ठी लिहिली, सही केली, आणि स्वतः तिच्याबरोबर खिडकीपर्यंत गेले. त्यानंतर अशा बायकांची रांगच लागली. कंपनीने दोन वर्षांनी तो प्रोग्राम सुधारला, तोही "हे नवीन काम आहे" असं म्हणून. तोवर आमच्या टाउनशिपमधल्या विधवा त्या दाभणाने शिवलेल्या कागदांवर जगल्या.

पण चौकशी व्हायचीच होती. शिपाई बाईने सही केलीच कशी? मी अजून कायम झाले नव्हते. तो कागद यायचा होता, आणि घरात दोन मुली होत्या. मी साहेबांना म्हटलं, "मी खरं सांगून टाकते."

"नाही."

"पण साहेब..."

"सुमनबाई, तुम्ही बोलायचं नाही. फरशी पुसा."

त्यांनी चौकशीत लिहून दिलं की सुमनबाईंनी माझ्या सांगण्यावरून सही केली. ज्या माणसाने तीन महिने एका खोट्या कागदावर सही केली नाही, त्याने हे खोटं एका मिनिटात लिहिलं. मी कायम झाले. त्यांची बदली गोदामात झाली. नटबोल्टांची पोती, जाळीची खिडकी. मशीन सांभाळणारा माणूस तिथे निवृत्तीपर्यंत बसला. छापलेले खंड त्यांनी बरोबर नेले होते. बायका तिथेही यायच्या आणि चिठ्ठ्या घेऊन जायच्या. निवृत्त होऊन सांगलीला गेले त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते. ते मला म्हणाले, "इंग्रजी शिका. निदान सहीच्या वरचं वाचता येईल इतकं." आभार, आशीर्वाद असलं काही नाही.

मी शिकले. धाकट्या मुलीच्या पुस्तकातून. आजही घरी पाण्याचं मशीन दुरुस्त करायला कोणी आला, की फोन पुढे करून म्हणतो, "अम्मा, ओटीपी बता दीजिए, कम्प्लेंट बंद करनी है." मी त्याचे बूट उचलून आत नेऊन ठेवते. "आधी पाणी येऊ दे." तो चिडतो. चिडू दे.

माझी नोकरी संपली तेव्हा मी साहेबांना पत्र लिहिलं. आता मला कोणी काढू शकत नाही, त्या सहीचं खरं काय ते कारखान्याला लिहून देते. पोस्टकार्डावर उत्तर आलं. "सुमनबाई, नाही." आणि खाली सही. वर्षभरात ते गेले. त्यांच्या मुलीने कळवलं.

मला त्यांचा राग येतो. त्यांनी माझी नोकरी वाचवली, पण मला विचारलं नाही. कारखान्याच्या कुठल्यातरी फायलीत त्यांची एकुलती एक खोटी सही पडून आहे, आणि ती माझ्यामुळे आहे. जिवंत होते तोवर त्यांचं ऐकलं. आता ऐकत नाही.

त्या दिवशी साहेब दाढ काढायला गेले होते. सही करायला त्यांनी मला सांगितलं नव्हतं. सही मी केली, शिक्का मी मारला, कपाट मी उघडलं. हा कागद मराठीत आहे. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला आहे, आणि आता खाली सही करते.