गॅलरीतला गोड टोस्ट

आज सकाळी ब्रेडच्या दोन कापांमध्ये साय आणि गुलकंद भरला, तो टोस्ट अंडं फेटलेल्या दुधात बुडवून तव्यावर लोण्यात सोडला. कडा तांबूस होऊ लागल्या तसा घरभर वास सुटला आणि बाबा आठवले.

आईच्या स्वयंपाकघरात अंड्याला मज्जाव होता. म्हणून बाबा रविवारी गॅलरीत स्टोव्ह मांडून असेच टोस्ट करायचे. आम्ही भावंडं तिथेच उकिडवी बसून गरम गरम खायचो. आई आत स्वतःपुरते पोहे करायची. मध्ये एक दार तेवढं असायचं. घरं अशीच असतात, असं आम्ही धरून चाललो होतो. दोन माणसं वर्षानुवर्षं एका दाराच्या दोन बाजूंना नाश्ता करतात, हे तेव्हा कुठे जाणवायचं!

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. आई आता माझ्याकडे असते. तिला वास सहन व्हायचा नाही म्हणून मी खिडकी उघडायला वळले, तर ती ओट्याशी येऊन उभी.

"मला एक तुकडा दे."

"आई, अंडं आहे त्यात."

"माहीत आहे गं. हे दर रविवारी विचारायचे, एक घास घेतेस का म्हणून. मी नाहीच म्हणायचे. तरी पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे."

मी तुकडा दिला. तिने तो सावकाश खाल्ला.

"यांचा असाच लागायचा?"

"थोडा करपलेला असायचा."

आई हसली. म्हणाली, "मग पुढचा जरा करपू दे."