लाल फुली

दर महिन्याला मी आमच्या डॉक्टरांकडे रक्तदाब तपासायला जाते. परवा आत गेले, तर ते संगणकापुढे बसून परीक्षा देत होते. आपलं ज्ञान शिळं तर झालं नाही ना, हे ते अशा चाचण्या देऊन पाहत असतात. साठी उलटलेला, गावाने देव मानलेला माणूस. पण प्रश्न वाचताना ओठ हलत होते, थेट मी शिकवायचे त्या सातवीच्या वर्गातल्या मुलांसारखे.

त्यांनी उत्तर निवडलं आणि पडद्यावर लाल फुली उमटली.

"चुकलं की!" ते म्हणाले. खालचं स्पष्टीकरण त्यांनी दोनदा वाचलं, माझा औषधांचा कागद ओढला आणि रक्त पातळ करायच्या गोळीवर काट मारली. "बाई, ही बंद करा. तुम्हाला हृदयाचा आजार नाही, आणि या वयात हिने रक्तस्राव व्हायची भीतीच जास्त. मी आपला जुनंच धरून बसलो होतो."

चार वर्षं घेतली होती ती गोळी. मला राग यायला हवा होता. पण जिना उतरताना आठवत राहिलं माझं लाल पेन. तीस वर्षं मी त्याने मुलांच्या चुका काढल्या. माझंच शिकवणं चुकलं म्हणून एकाही मुलाला परत बोलावल्याचं काही आठवेना.