मधला हळू भाग

गिटारचा एखादा तुकडा वाजवायला अवघड का असतो, असा विषय निघाला की लोक वेगाबद्दल बोलायला लागतात. मोबाइलवर कुणीतरी तारांवर भराभर बोटं नाचवतो आणि मी काम करते त्या मानकोलीच्या गोदामातली पोरं तो व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरून विचारतात, "दीदी, तुला येतं असं?" नाही येत. पण वेगाचं मला कौतुकही नाही. वेग घासून घासून येतो. गोदामात नवीन लागलेली मुलगी थोड्याच दिवसांत पार्सलावर स्टिकर अशी मारते की तिचा हात दिसत नाही, आणि तिला कुणी कलाकार म्हणत नाही.

मला ज्या तुकड्याने रडवलं तो संथ होता. दोनच पानांचा. तो मला शेवटी एकाच माणसाला ऐकवायचा होता, माझ्या वडिलांना, आणि त्यांचे कान संपत चालले होते. म्हणजे घाई होती, आणि तुकडा असा की घाई केली की बिघडायचा.

मी गिटार शिकायला कल्याणला जायचे. सर एकटे राहत, बाहेरच्या खोलीत शिकवत. त्यांनी तो तुकडा पहिल्यांदा वाजवून दाखवला तेव्हा मला वाटलं, हे काय, हे तर कुणीही वाजवेल. हात लावल्यावर कळलं. अंगठ्याने जाड तारांवर एक चाल चालू ठेवायची आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर दुसरंच गाणं वाजवायचं. डाव्या हाताची करंगळी लांब ताणून एका सुरावर दाबून धरायची, आणि ती तिथे दुखत असताना बाकी बोटांनी आपापल्या जागा बदलायच्या. करंगळी जराशी उचलली गेली की तो दाबलेला सूर मरतो. जोरात वाजवताना असली चूक खपून जाते. हळू वाजवताना खपत नाही. प्रत्येक सूर एकटाच उभा असतो, त्याला लपायला जागा नसते.

हे सगळं मी मेहनतीने जमवलं. घोडं अडलं ते मधल्या भागात. तिथे आवाज अगदी बारीक करायचा, आणि मध्येमध्ये थांबायचं. खरंच थांबायचं, तारांवर हात ठेवून त्या गप्प करायच्या, आणि मग पुन्हा सुरू करायचं. त्या थांबण्याशी आले की माझा हात पुढे पळायचा. सर म्हणायचे, "तिथे काही नाहीये, तू का वाजवतेस?" मी म्हणायचे, "सर, थांबले होते मी." सर म्हणायचे, "तुला तसं वाटतं."

सरांना बिचाऱ्यांना काय माहीत, मी कुठल्या घरातून येते. आमचं घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यावर. खाली बाबांचे लूम, वर आम्ही. बाबा मूळचे वळ गावचे. त्यांच्या वडिलांची शेती पुढे गोदामवाल्यांच्या पत्र्याखाली गेली, पण त्याआधीच ते भिवंडीत येऊन लूमवर बसले होते, आणि कारीगराचे मालक झाले होते. मालक नुसते नावाचे. धोटा अडकला की तेच वाकायचे, पट्टा तुटला की तेच चढायचे. मी जन्मले ती त्या खडखडाटात, आणि त्यातच अभ्यास केला, तापात पडले, मोठी झाले. जेवताना ताटाच्या काठाशी पाण्याचा पेला थरथरत असे. आमच्याकडे आवाज बंद झाला की माणसं दचकून उठत. आवाज बंद म्हणजे धागा तुटला, नाहीतर लाइट गेली, नाहीतर कुणाला काहीतरी झालं. चालू आहे तोवर सगळं ठीक. कारखान्याची शुक्रवारची सुट्टी सोडली तर थांबणं ही आमच्या घरात चांगली गोष्ट कधीच नव्हती, आणि सर मला सांगत होते की थांब, छान थांब.

हळू वाजवण्याचंही तेच. आम्ही सगळे एकतर ओरडून बोलतो किंवा अजिबात आवाज न काढता बोलतो. हे दुसरं बाहेरच्यांना विचित्र वाटतं. कारखान्यात ओरडूनही काही ऐकू जात नाही, म्हणून तिथे कुणी आवाज वाया घालवत नाही. तोंड मोठं उघडून नुसते ओठ हलवायचे, सोबत हाताची खूण. कांडीवरचं सूत संपलं, चहा आला, मुकादम येतोय, सगळं तसंच. आमच्या घरात जेवतानाही अर्धं बोलणं असं चाले. भात हवा का, ओठांनी. मीठ दे, हाताने. बाबा यात एकदम पटाईत. चार लूमपलीकडचा कारीगर पुटपुटत शिवी देतोय हे ते ओळखत, आणि तिथूनच ओठांनी परत देत.

मग लूम गेले. वर्षभर आधीपासून दिसत होतं. शेजारच्या गल्लीतले गेले, समोरच्यांचे गेले, कारीगर आपापल्या मुलुखाला निघून गेले आणि परत आलेच नाहीत. आमचे गेले त्या दिवशी भंगारवाल्यांची माणसं घण घेऊन आली. मला वाटलं होतं, एवढी जाड लोखंडी धुडं, खोलून नेतील. खोलतंय कोण? ओतीव लोखंड घणाने फुटतं. खारी फुटावी तसं फुटतं. बाबा मध्ये उभे राहून कुठे मारलं की लवकर फुटेल ते दाखवत होते. मला त्यांचा फार राग आला. आपल्या हाताने काय दाखवताय, असं ओरडावंसं वाटलं. आता वाटतं, त्यांना ते लवकर संपायला हवं होतं.

त्यानंतर घर गप्प झालं. सरांना हवी तशी शांतता मला मिळाली, अशी मिळाली की अंगावर यावी. गल्लीतल्या कावळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. मी ड्युटीवरून येऊन गिटार घेऊन बसायचे आणि पहिल्यांदाच मला माझंच वाजवणं नीट ऐकू आलं. भयंकर होतं. जाड तारांवर बोट सरकताना होणारी चरचर, सूर संपायच्या आधी उचललेलं बोट, सगळं. सर इतकी वर्षं हे सहन करत होते, धन्य त्यांची.

आणि त्याच दिवसांत बाबा रुसून बसले. म्हणजे आईला तसं वाटलं. ते खिडकीशी पाठ करून बसायचे. आई आतून हाक मारायची, "अहो, चहा." उत्तर नाही. पुन्हा हाक, उत्तर नाही. मग आई चहा नेऊन त्यांच्यापुढे आदळायची. "लूम काय एकट्या तुमचेच गेले? सगळ्या गावाचे गेले. ती माणसं काय बायकोशी बोलणं टाकून बसलीत?" आणि बाबा तिच्या तोंडाकडे बघून शांतपणे म्हणायचे, "मी कदी टाकला बोलना?"

असे कितीतरी दिवस गेले. आई त्यांना टाकून बोलत राहिली आणि मीही आईचीच री ओढली. एकदा मी त्यांच्या मागे उभी राहून कुकर उतरवताना झाकण फरशीवर पाडलं. मी स्वतः दचकले. शेजारची बाई काय झालं ते बघायला आली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, तसेच बघत राहिले.

लूम चालू होते तोवर हे कुणाला कळणार? तिथे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, आणि ओठ वाचण्यात बाबा सगळ्यांच्या वर. त्यांनाही कळलं नव्हतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानातली नस गेली आहे, वर्षानुवर्षांच्या आवाजाने गेली आहे, ती परत येत नाही. कानाच्या यंत्राने थोडी मदत होईल, पण ऐकणं उतरत जाणार. बाबांनी डॉक्टरांना एकच विचारलं. "लूम बंद झाले, मंग कानात लूम कशाला चालतंन?" डॉक्टर म्हणाले, तो आवाज कानातूनच येतो, राहील तो. परत येताना रिक्षात बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजा ता गिटार मना येकदा आयकव, बाय. सगला जायाच्या आधी."

त्यांनी आयुष्यात मला वाजव म्हणून कधी सांगितलं नव्हतं. वर मी वाजवायचे तेव्हा ते खाली लूममध्ये. लग्न लांबवणारं खूळ, एवढीच त्या गिटारची घरात किंमत. आणि आता मागितलं ते असं.

मी दुसऱ्याच दिवशी वाजवून टाकू शकले असते, दुसरं काहीतरी, सोपं. पण मला ते द्यायचं नव्हतं. मला त्यांना हा तुकडा ऐकवायचा होता, कारण माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच एक चांगलं होतं. मी सरांच्या मागे लागले. सरांनी बाकीचं सगळं सोडायला लावलं आणि नुसतं थांबायला शिकवलं. एक सूर, मग हात तारांवर, मग श्वास. "सूर बारीक हवा, मेलेला नको," ते म्हणायचे. "आणि थांबलीस की पुढच्याची भीती धरू नकोस. तो कुठे पळून जात नाही." मला भीतीच होती. इकडे बाबा रोज थोडे थोडे दूर जात होते. आधी फोन गेला, मग टीव्ही, मग आईने कानाशी येऊन मारलेली हाकही. यंत्र लावलं की त्यांना नुसती शिट्टी ऐकू यायची. ते काढून दाढीच्या सामानाशेजारी ठेवून द्यायचे.

एक दिवस सरांसमोर मधला भाग जमला. इतका हळू की खालच्या रस्त्यावरून गेलेल्या स्कूटरने तो झाकला गेला असता. सर उठून चहा ठेवायला गेले. त्यांच्याकडून हे फार होतं.

आठवडी सुट्टीला दुपारी जेवणं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, बसा. त्यांनी धुतलेला शर्ट घातला. यंत्र लावलं, मी पहिली तार छेडताच ते किंचाळलं, बाबांनी ते काढून खिशात टाकलं. प्लास्टिकची खुर्ची ओढून ते माझ्या अगदी पुढ्यात बसले. मी सुरुवात केली.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. हातांकडे नाही. सवयच ती, माणूस काय सांगतोय ते तोंडावर असतं. मी वाजवत होते आणि माझे ओठ मिटलेले होते, आणि ते वाट बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी भुवया उंचावल्या. मी वाजवत राहिले.

मग त्यांनी हात पुढे केला आणि उजवा पंजा सबंध गिटारच्या पोटावर ठेवला. लूममध्ये बिघाड कुठे आहे ते कळेना की ते असेच सांगाड्यावर पंजा ठेवून, डोळे मिटून उभे राहत. गिटारवर असा हात ठेवला की लाकूड हलत नाही, आवाज कोंडतो. ज्याला थोडंफार वाजवता येतं तो हे कधी करणार नाही. मी त्यांना हात काढा म्हटलं नाही. कोंडलेल्या आवाजात वाजवत राहिले. आणि त्यांचा चेहरा उघडला. "चालतंय," ते म्हणाले. पहिलं पान तसं गेलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट वाजवणं असेल आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

मग मधला भाग आला. मी तो वाजवला, सरांसमोर वाजवला तसाच, बारीक, एकही सूर मरू न देता. थांबायचं तिथे थांबले. बाबांनी डोळे उघडले. पंजा जरा हलवून दुसऱ्या जागी ठेवला, पुन्हा तिसऱ्या. मग हात काढून घेतला.

"बंद परला का गो?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा हात धरून परत लाकडावर ठेवला आणि मधला भाग पहिल्यापासून सुरू केला. या वेळी जोरात. नखं तुटतील इतक्या जोरात, थांबण्याच्या सगळ्या जागा भरून टाकत, जे जे करू नकोस म्हणून सांगितलं होतं ते सगळं करत. तारा फरशीवर पत्रा ओढावा तशा वाजत होत्या. "हां," बाबा म्हणाले, "आता चालू झाला." शेवटपर्यंत मी तसंच वाजवलं.

तुकडा संपला. हाताखालचं लाकूड थांबलं तसा त्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. आई त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराने हात पुसत तिने विचारलं, "आलं का गं त्यांना ऐकू?"

बाबांना ती मागे उभी आहे हे ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"हो," मी ओठ नीट उघडून म्हटलं. "सगळं ऐकू आलं."

बाबांनी ते वाचलं. मग वळून त्यांनी आईला पाहिलं आणि म्हणाले, "सगला आयकला मी."