अंधाराचा चष्मा

हा किस्सा जसा सांगतोय तसाच घडला, असं छातीवर हात ठेवून मला म्हणवत नाही. इतक्यांदा सांगितलाय, की त्यात माझी भर किती, हे मलाच कळेनासं झालंय. पण घोटाळा माझाच होता, तेवढं नक्की.

भोर संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. क्ष-किरणांचं शिक्षण घेऊन मी भोरच्या एका दवाखान्यात आलो होतो. तेव्हा रोग्याची छाती पडद्यावर दिसायची, पण इतकी मंद, की डोळ्यांना आधी अंधाराची सवय करावी लागे. म्हणून मी लाल काचांचा चष्मा लावून बराच वेळ ओसरीवर बसायचो. गावाला वाटे, डॉक्टरांचे डोळे कायमचे आलेत.

असाच बसलो असताना वेल्ह्याच्या डोंगराकडची एक बाई पुढ्यात उभी राहिली.

"डाक्टर, आमच्या मालकांचं काय वो?"

कपाळ कोरं. मागच्याच आठवड्यात तिकडचा एक रोगी दगावला होता. ही त्याचीच बायको, दुसरी कोण असणार?

"बाई, मन घट्ट करा," मी म्हणालो. "सुटले बिचारे."

ती मटकन खाली बसली. "चालत आल्ते वो हितवर..."

"शेवटपर्यंत चालते-बोलते होते, हे काय थोडं झालं?" मी समजूत घातली.

तिनं असा हंबरडा फोडला, की झाडाखाली बसलेला तिचा दीर घोंगडं टाकून धावत आला.

"कुठं ठिवलाय माजा भाऊ?"

"अहो, त्यांचं सगळं मागच्या आठवड्यातच उरकलं."

"मागल्या आठवड्यात? सकाळी मार्गासनीत माज्यासंगं भाकर खाल्ली की त्येनं!"

एवढ्यात अंधारखोलीचं दार उघडलं. कंपाउंडरनं तपासणीसाठी आधीच आत बसवलेला, कमरेवर उघडा गडी बाहेर डोकावला.

"कोण मेलं गं?"

मी चष्मा काढला. बाईच्या कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू.

आता तिचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. नवऱ्याच्या खोकल्यानं क्षयाची धास्ती होतीच, त्यात मी त्याला मारून ठेवलेला. त्याला एकट्याला ती पुन्हा आत सोडीना. मग दोघांनाही आत घेतलं. उन्हात चष्मा काढल्यानं माझेही डोळे दिपले होते, म्हणून तिघं अंधारात नुसते बसून राहिलो. मधूनच ती विचारी, "हायसा न्हवं?" तो म्हणे, "हाय गं."

मग यंत्र सुरू केलं. हिरवट उजेडात बरगड्या उमटल्या, आणि त्यांच्याआड सावलीसारखं काळीज. मूठभर, एकसारखं उडणारं.

"ह्यो त्येंचा जीव?" तिनं हळूच विचारलं, आणि पदर सावरून पडद्याला हात जोडले.

मी कितीतरी छात्या पाहिल्या होत्या. पण पडद्याला हात जोडलेले पहिल्यांदाच पाहिले. तिचे हात खाली आल्यावर मी सांगितलं, फुप्फुसं स्वच्छ आहेत.

दोष चष्म्याचा, की माझ्या घाबरट डोक्याचा, हे मात्र मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. निवृत्तीनंतर ट्रंकेत तो चष्मा सापडला. डोळ्यांवर चढवला आणि समोर चहा ओतणाऱ्या बायकोकडे पाहिलं. कुंकू गायब. काढला, कुंकू जागेवर. पुन्हा घातला, पुन्हा गायब. म्हणजे दोष लाल काचेचाच.

"असं काय बघताय?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "मी गेलोय, एवढंच."