छातीच्या उंचीवर

टेपकाकांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. वनमोजणी कार्यालयात चौतीस वर्षं झाडांचे घेर मोजणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

राज्यात बासष्ट ठिकाणी जंगलाचे चौकोन आखलेले आहेत. दर पाच वर्षांनी त्यांतलं प्रत्येक झाड मोजायचं आणि मागच्या मापाशी ताडून पाहायचं. त्यावरून राज्याचं जंगल किती वाढलं ते ठरतं. जेवढं वाढलं, तेवढंच पुढच्या पाच वर्षांत तोडायचं. "दुधावरची साय काढायची, दुधाला हात लावायचा नाही," असं काका समजावत. बासष्टपैकी एकेचाळीस चौकोन एकट्या काकांचे होते.

मी तिथे सहा महिन्यांच्या करारावर लागलो. साहित्यात एम.ए. करून वर्षभर घरी बसलो होतो. अहवालाची भाषा सरळ करायची, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साहित्यवाला? बरं झालं बाबा. आमच्याकडे विशेषणांचा दुष्काळच होता."

दुपारी आम्ही खिडकीशी बसून डबा खात असू. काका बोलायला लागले की खात नसत. झाड नेहमी छातीच्या उंचीवर मोजतात, हे मला त्यांनीच सांगितलं. खाली बुंधा पसरलेला असतो, वर फांद्या फुटतात. म्हणून उंची ठरलेली, एकशे सदतीस सेंटिमीटर. त्यासाठी खुणेची काठी मिळते. पहिल्या वर्षी काकांनी ती वापरली.

"एका हातात काठी, एका हातात टेप. वही काय दातात धरू? मग लक्षात आलं, शर्टाचं दुसरं बटण बरोबर त्या खुणेवर येतं. दिली काठी परत."

काका एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहत. सगळे शर्ट तोच शिवे. दुसरं बटण कुठे लावायचं ते त्याला पाठ होतं. काकू म्हणत, "लग्नात माझं माप विचारलं नाही यांनी. बटणाचं मात्र विचारतात."

अहवालाचा मसुदा तयार झाला. वाढीचा आकडा चांगला होता. त्याखाली मी लिहिलं, 'राज्याच्या वनांची वाढ संथ, परंतु निश्चित आहे.' काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"संथ परंतु निश्चित! अरे, चौतीस वर्षांत मला हे सुचलं नाही."

मला फार आनंद झाला होता.

काका निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणारी नवी मोजणीदार महिनाभर आधीच रुजू झाली. कामाचा ताबा घेण्यापूर्वी तिने नऊ नंबरचा चौकोन पुन्हा मोजला. नव्या माणसाने काठीनेच मोजायचं, असा नियम होता. काकांनी तो चौकोन तीन महिन्यांपूर्वी मोजला होता. तिच्या मापात जवळजवळ प्रत्येक झाड त्याहून बारीक निघालं.

कार्यालय दिवसभर हसत होतं. काका तिच्या टेबलाशी गेले.

"काय गं, पथ्यावर ठेवलंस का झाडांना?"

"काका, मी दोनदा मोजलं."

"मी सात वेळा मोजलंय. पहिल्यांदा मोजलं तेव्हा तुझी आई शाळेत असेल."

"मग चला ना दाखवायला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे नऊ नंबरला गेलो. जीप खाली ठेवून तासभर चढलो. काका दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्यांनी आम्हाला कुठलं तरी झाड दाखवलं. ते दम घेत होते, हे आम्हाला कळत होतं.

तिने पहिल्या झाडाला काठी टेकवली. काठीवर लाल रेघ होती. काका बुंध्याला छाती लावून उभे राहिले.

"बघ."

आम्ही पाहिलं. बटण रेघेच्या चार बोटं खाली होतं.

काकांनी मान खाली घालून पाहिलं. "काठी दगडावर आहे तुझी," ते म्हणाले. पायाने पाचोळा बाजूला केला. दगड नव्हता. मग ते ताठ उभे राहिले, जमेल तेवढे. तीन बोटं. मग टाचा उचलल्या. बटण रेघेला लागलं. ते क्षणभर तसेच चवड्यांवर उभे राहिले, आणि मग जवळच्या खडकावर बसले.

"पहिल्या वर्षी बरोबर यायचं," ते म्हणाले.

तिने काठी झाडापासून काढून घेतली.

"खाली बुंधा जाड असतो."

"हो काका," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे दर खेपेला मी थोडा वाकलो, आणि तेवढं झाड वाढलं."

परतल्यावर तिने काकांच्या आणखी तीन चौकोनांतली झाडं काठीने मोजली आणि हिशेब मांडला. वाढीचा जवळजवळ निम्मा भाग काकांच्या पाठीचा होता. म्हणजे सायीबरोबर दूधही काढायची परवानगी आमचा अहवाल देणार होता.

काकांनी स्वतः एक परिच्छेद लिहिला. चार ओळी. मापात माझी चूक झाली आहे, वाढ इतकी नाही, पुन्हा मोजणी होईपर्यंत तोड वाढवू नये. खाली सही. कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "विशेषण एकही नाही, बघ. आकड्याच्या खाली लावून दे. एवढं कर."

मी तो साहेबांकडे नेला. साहेबांनी तो वाचून उलटा ठेवला.

"एका म्हाताऱ्याच्या कण्यापायी राज्याचा आकडा बदलायचा? वर कळवून झालाय तो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तुमच्या करारवाढीचा कागदही माझ्याकडेच आहे. सहज आठवलं."

छपाईची प्रत दोन दिवस माझ्याच टेबलावर होती. परिच्छेद लावायला पाच मिनिटं लागली असती. साहेबांनी शेवटची प्रत पुन्हा वाचलीही नसती, ते कधीच वाचत नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं. मी म्हणालो, "काका, तोवर छापायला गेलं होतं."

"गेलं होतं?"

"हो."

त्यांनी विश्वास ठेवला. "मग आता तोंडानेच सांगावं लागणार," ते म्हणाले.

अहवालाचं प्रकाशन आणि काकांचा निरोप एकाच दिवशी ठेवला होता. सभागृह भरलेलं होतं. वरचे लोक आले होते, वर्तमानपत्रांचेही. साहेबांनी काकांना वाढीचे साक्षीदार म्हटलं. मग काका उठले. नवा शर्ट होता. माइक त्यांच्यासाठी खाली ओढावा लागला.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "एकच सांगतो. जंगल एवढं वाढलेलं नाही. मी वाकलोय."

मग साहेब मोठ्याने हसले. "वा!" त्यांच्यामागून सगळे हसले. माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला, "बघा, याला म्हणतात विनय." टाळ्या सुरू झाल्या.

काकांनी हात वर केला. "नाही, ऐकून घ्या, मापात..." टाळ्या वाढल्या. कोणीतरी त्यांच्या हातात फुलं दिली. उठलेला हात त्यांना खाली घ्यावा लागला.

नवी मोजणीदार उभी राहिली होती. ती काहीतरी बोलत होती, पण ऐकू येत नव्हतं. काकांनी ओळीओळीतून मला शोधलं. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या हातांवर गेली. तेव्हा मला कळलं, मीही टाळ्या वाजवत होतो.

मी हात थांबवले. पण त्यांनी पाहिलं होतं.

त्या आकड्यावर तोडीच्या परवानग्या निघाल्या आहेत. मोजणीदार सुट्टीच्या दिवशी एकेक चौकोन पुन्हा मोजते आणि वर अर्ज पाठवते. अजून उत्तर नाही. माझा करार वर्षभर वाढला.

मी काकांकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"झोपलेत रे."

"आता? पाच वाजलेत, काकू."

"हल्ली झोपतात."

शेवटच्या खेपेला आतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. तो काकूंनीही ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बरं," मी म्हणालो, आणि जिना उतरलो.